चालतंय तोवर

बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून, एक पाय सारखा हलवत, तो तावातावाने भांडत होता. प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती यायची होती. तिच्यात कोड लिहायची जुनी पद्धत ठेवायची की काढून टाकायची, यावर समितीची ऑनलाइन मीटिंग सकाळपासून रेंगाळली होती. बायको दोनदा दारात येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा त्याने मान न वळवताच हात वर केला, थांब जरा.

"आणखी एका आवृत्तीत जुनी पद्धत चालू ठेवून नुसता इशारा देऊ," समितीतले सगळ्यात जुने सभासद म्हणाले. "अचानक बंद केलं तर लोकांचे प्रोग्रॅम कोलमडतील."

"किती वर्षं इशारेच देतोय आपण!" तो उसळला. "कुणी एक ओळ तरी बदलली? अहो, प्रोग्रॅम चालतोय तोवर इशारे वाचतं कोण? सरळ बंद करा, म्हणजे खडबडून जागे होतील."

त्याचं म्हणणं मंजूर झालं. खुशीत तो बाहेर आला, तर बायको चपला घालून उभी. शेजारी दोन भरलेल्या बॅगा.

"अगं, हे काय अचानक? आधी काही बोलायचंस तरी!"

"बोलत होते की, किती वर्षं," ती म्हणाली. "पण घर चालत होतं ना."