एक भोक कमी

तांब्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून तिने भोकं मोजली. एक कमी भरलं. डोळे चोळून पुन्हा मोजली, तरी तेच.

लेसरच्या प्रत्येक फटक्याने पट्टीवर भोकासारखा बारीक खड्डा पडतो. म्हणून दर फटक्याआधी मोटर पट्टी जराशी सरकवते, लेसरला कोरी जागा देते. जितके फटके तितकी भोकं, इतका सरळ हिशेब. एक कमी म्हणजे मोटर मध्येच अडकली होती आणि लेसर जुन्याच खड्ड्यात जाऊन आदळला होता. कधी, ते शोधावं लागलं नाही. शेवटचा खड्डा इतरांहून चांगलाच खोल होता.

आणि नेमक्या त्या शेवटच्या फटक्यालाच पट्टीतून इलेक्ट्रॉन इतक्या जोमाने उसळले होते की तसा आकडा या प्रयोगशाळेत कुणी कधी पाहिला नव्हता. तिचे मार्गदर्शक सर वर्षानुवर्षं आपलंच घोडं दामटत आले होते: पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करा, सगळ्यांत जोमदार इलेक्ट्रॉन तिथूनच निघतील. लोक हसायचे. पुढच्या आठवड्यात सर निवृत्त होणार होते, आणि जाता जाता का होईना, पट्टीने त्यांची बाजू घेतली होती. दुपारी त्यांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला, दारावरच्या रखवालदारालासुद्धा. सर शीळ घालतात हे तिला आजच कळलं.

तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नसती, तरी चाललं असतं. वापरलेली पट्टी शेवटी भंगारातच जाते. सरांवर तिची माया होती, म्हणून तर जास्तच वाईट वाटत होतं. पण पाय त्यांच्या खोलीकडे वळले.

सर टेबलाचे खण रिकामे करत होते. तिने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. ते तिच्यासोबत आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि भोकं स्वतः मोजली.

"गुळगुळीत जागी नाही तर," ते हळूच म्हणाले. "आधी मार बसलेल्या जागी."

"मी मोटर तपासायला हवी होती, सर."

"हवीच होती." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नवी पट्टी लाव. आता मुद्दाम एकाच जागी दोनदा मारू."

"पण मग तुमचं म्हणणं?"

"ते मी घरी घेऊन जातो," सर म्हणाले. "खड्डा तुझ्याकडे राहू दे."