साखरपुड्याची ताटली

"आज नको, गीटल," फ्रेडा मावशी चिनीमातीची ताटली फडक्यात गुंडाळत म्हणाली. "आज माझ्या पोरीचा साखरपुडा आहे."

हे 'आज नको' गीटल वर्षभर ऐकत होती. सणाला नको, कुणाच्या बारशाला नको. गीटलची आई, म्हणजे मावशीची सख्खी बहीण, अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. मग गीटलच्या रक्तातही तो आजार आणणारा, पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींत उतरणारा दोष निघाला. आईकडच्या सगळ्यांना सांगा, डॉक्टर म्हणाले होते. मावशीनं स्वतःची तपासणी करायला साफ नकार दिला, आणि पोरीला, ब्लूमाला, तर काही कळूच द्यायचं नव्हतं. बरो पार्कच्या ज्यू वस्तीत असली बातमी फुटली की मुलीच्या दारात मध्यस्थ फिरकत नाही. गीटलचंच बघा ना. आई कशानं गेली ते गल्लीला कळलं, आणि तिशी उलटली तरी ती बिनलग्नाचीच.

"वेळेवर कळलं तर ब्लूमा वाचेल, मावशी. आईला कळलं नव्हतं."

"तुझं जमलं नाही, म्हणून तिचं मोडायला निघालीस होय?"

हे गीटलच्या जिव्हारी लागलं. मावशीनं मात्र विहिणीचं कौतुक चालूच ठेवलं. हल्ली सोयरीक जुळवताना लोक आज्या-पणज्यांची दुखणी उकरून काढतात, ह्यांनी चकार शब्द विचारला नाही. दिवा घेऊन शोधली तरी अशी माणसं मिळायची नाहीत म्हणे.

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. नवऱ्या मुलाची आई, पेसिया, दारात उभी होती. साखरपुडा पक्का झाल्याची खूण म्हणून दोघी आयांनी मिळून ताटली फोडायची वेळ झाली, म्हणून बोलवायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मावशी मटकन खुर्चीत बसली.

पेसियानं दार लावून घेतलं.

"माझ्या दोघी बहिणी ह्याच आजारानं गेल्या," ती हळूच म्हणाली. "माझ्या नाफ्तालीला मावश्या हृदयविकारानं गेल्या असंच सांगितलंय. तुम्ही उलट विचाराल, म्हणूनच आम्ही काही विचारलं नाही."

आता तरी मावशी हादरेल, असं गीटलला वाटलं. कसलं काय! तिचा चेहरा उजळला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी ती हसली, आणि तिनं विहिणीचा हात धरला.

"मग फिटंफाट झाली," मावशी म्हणाली. दोघी ताटली घेऊन बाहेर गेल्या.

गीटलला त्या दोघींची किळस आली. ती मागोमाग गेली.

ताटली फुटली. 'माझेल तोव', अभिनंदन, असा एकच गजर झाला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बिनलग्नाच्या मुलींना शकुनाचे तुकडे वाटायचे असतात, त्यातला सगळ्यांत मोठा वेचून ब्लूमा धावत आली. तिनं तो गीटलच्या हातात कोंबला.

"ताई, आता तुझा नंबर!"

पलीकडे दोघी विहिणी एकमेकींना केक भरवत होत्या. गीटलनं तुकडा टेबलावर ठेवला.

"ब्लूमा," ती म्हणाली, "नाफ्तालीला बोलाव. दोघांना एकदमच सांगते."