हसतं घर

समज, तुझ्या तोंडात एक वाक्य आहे. ते बाहेर पडलं तर तुझ्या वडिलांचं हृदय बंद पडेल, असं आईने तुला सांगितलं आहे. आणि आता त्याच तोंडाने तुला वडिलांसाठी दुभाष्याचं काम करायचं आहे. आलं डोळ्यांपुढे? मग लीनाच्या शेजारी येऊन उभा राहा.

कुवेतमधल्या एका दवाखान्यातली खोली. बाहेर दाराच्या कडीचा चटका बसेल एवढं ऊन. आत एसी घरघरतो आहे. टेबलापलीकडे नाडी बघून औषध देणाऱ्या चिनी डॉक्टरीणबाई. त्यांना थोडं इंग्रजी येतं. अलीकडे लीनाचे पप्पा, शरद, मालवणकडचे सुतार. त्यांना कामापुरतं हिंदी आणि अरबी येतं, इंग्रजी नाही. मधे लीना, इंग्रजी शाळेत चौथीत. आई, प्रेमा, नर्स आहे. तिची ड्यूटी आहे.

पप्पांना हिवाळ्यात हार्ट अटॅक येऊन गेला होता. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, धक्का बसू देऊ नका, आनंदात ठेवा. आणि आता, गावाहून परतलेल्या शेजारच्या विठ्ठलने आईला सांगितलं की रामभाऊ गेले. रामभाऊ पप्पांचे मोठे भाऊ. पप्पांच्या हातात पहिल्यांदा रंधा त्यांनीच दिला होता. आईने लीनाला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. "पप्पांना कळता कामा नये. हसतं ठेवायचं त्यांना." तेव्हापासून अबू हलीफा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सगळे हसत होते. लीना शाळेतले विनोद सांगायची, आई मोठ्याने हसायची, पप्पाही हसायचे. मग त्यांचा चहा तसाच गार व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी पप्पांचं मनगट एका छोट्या उशीवर ठेवलं, त्यावर तीन बोटं टेकली आणि डोळे मिटले. मग जीभ बघितली.

"आम्ही हृदयाला घर मानतो," त्या शब्द शोधत म्हणाल्या. "मन तिथे राहतं. रात्री त्याने घरी यायला हवं. यांचं येत नाही."

लीनाने सांगितलं.

"माका झोप येना नाय, ता हिका हात धरून कळला?" पप्पा म्हणाले. "आमच्या डाक्टराक मशीन लागता."

"हे फार हसतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लीना दचकली. "हो. आम्ही रोज हसवतो त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आनंद हृदयाचाच असतो. पण तो फार झाला की हृदय विसकटतं, असं आमचे जुने लोक सांगतात. आणि हा तर आनंदही नाही." त्यांची बोटं पुन्हा मनगटावर गेली. "खाली दुःख आहे. न रडलेलं. विचार त्यांना, कोण गेलं?"

लीनाने नजर पप्पांवरून काढून टेबलावर ठेवली.

"काय इचारता गो ती?"

"ती... ती विचारते, मीठ किती खाता."

"मीठ इचारूक तुझा तोंड असा कित्याक झाला?"

डॉक्टरीणबाई घाई करत नव्हत्या. बोटं तिथेच ठेवून त्या वाट बघत राहिल्या. दुसरं कोणी विचारणारं त्या खोलीत नव्हतं.

"ती विचारते," लीना म्हणाली, "कोण गेलं."

मग ती पप्पांच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणाकडे बघत राहिली. बटण वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"सांग तिका," पप्पा म्हणाले. "माझो दादा गेलो."

फळीचं माप सांगावं, तसा त्यांचा आवाज होता. डोळे कोरडे.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाक कित्याक होया? देवाक दिवो नाय, आमटीक फोडणी नाय. सुतक असा ता काय माका कळाचा नाय?"

घरातलं माणूस गेलं की त्यांच्याकडे सुतक संपेपर्यंत देवापुढे दिवा लावत नाहीत, फोडणी देत नाहीत. आईने मरण लपवलं होतं. सुतक मोडायला मात्र तिचा हात धजला नव्हता.

"आणि कोणाचा, ता पण कळला," पप्पा म्हणाले. "दादाचा नाव काढला की तुमी दोघाय हसाक लागतास."

लीनाने मान खाली घातली.

"आवशीक सांगू नको हां, माका कळला म्हणान. बापडी इतक्या करता. उगीच भियातली." मग म्हणाले, "आपण हसत ऱ्हवाया."

आईने दिलेलं वाक्य लीनाच्या तोंडातून गेलं होतं. आता त्या जागी पप्पांनी दिलेलं वाक्य होतं, आणि ते आईपासून लपवायचं होतं.

"काय म्हणाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्यांचा भाऊ गेला," लीनाने इंग्रजीत सांगितलं. तिचा आवाजही पप्पांसारखाच सपाट आला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि बोटं उचलली. पप्पा शर्टाची बाही खाली ओढू लागले. लीनाने त्यांचा हात अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, टेबलाला चिकटून उभी राहिली, आणि त्या उशीवर आपलं मनगट ठेवलं.