मऊ शेंडा

लकवा मारल्यापासून मॅन्युएलच्या उजव्या हातातला जोर दिवसेंदिवस ओसरत होता, पण किनाऱ्यावरच्या खडकावरून गळ फेकायचा हट्ट काही जाईना. तो दुपारी झोपला की त्याची बायको लुईझा गुपचूप त्याचा गळाचा रॉड सोडून नव्यानं बांधायची. दोरीच्या कड्या हलक्या, रॉडचा शेंडा आधीपेक्षा मऊ, म्हणजे नुसत्या हिसक्यालाही दोरीच्या टोकाचं शिसं लांब जाईल.

"बघ गो, हात परत आला माझा," तो मिरवायचा.

"आला ना? मग त्याच हातानं घागर भर उद्यापासून," ती फणकारायची.

आज शिसं पायाशीच पडलं. मॅन्युएलनं सावकाश दोरी गुंडाळली आणि तो तिच्याशेजारी टेकला.

"लुईझा, याहून मऊ शेंडा मिळायचा न्हाय. उद्यापासून दुपारची तू पण झोप."