‘ओ’ आली की झालं
लेक वर्षभरानं घरी आला, पण बूड टेकल्यापासून त्याची मान लॅपटॉपमधून वर निघेल तर शपथ! आईनं विचारलंच, “एवढं कुणाशी गूळपीठ चाललंय रे?” “ऑफिसातल्या डेटाबेस सर्व्हरशी. नेटवर्क चालू आहे का बघतोय. इथून हाक मारायची, तिकडून ‘ओ’ आली की झालं.” “मग बोलता काय?” “बोलायचं कशाला? जिवंत आहे कळलं, पुरे.” “आणि ‘ओ’ दिलीच नाही तर?” “मग हातातलं टाकून धावायचं, त्याच्यासमोर ठाण मांडून बसायचं.” तिची नजर पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडे गेली. लेकाचा फोन चुकू नये म्हणून कणीक मळतानाही ती समोर ठेवायची. सांगायचं केवढं साठलेलं असायचं, आणि हा “बरी आहेस ना?” विचारून ठेवून द्यायचा. “कळलं हो!” ती कडाडली. “यापुढे मी फोन उचलणारच नाही. ये मग धावत!”