शुक्रवारचं धान्य

"घोडे काढा, खाला, घोडे! चिपळूणवाले दारात आलेत!" वरद ओरडला.

मैमुनाने पडद्यावर आणखी एक शेत नांगरायला घेतलं. "आधी पोटाला तर होऊ दे. उपाशी माणूस घोड्यावर बसून काय करणार?"

मागे उभ्या असलेल्या केरूने कपाळावर हात मारला. आज त्याची खुर्ची मैमुनाला द्यावी लागली होती, नियमच तसा होता.

मारुती मंदिराजवळच्या वरदच्या सायबर कॅफेत हा गावं वसवायचा आणि किल्ले पाडायचा खेळ सात वर्षं चालला होता. नवी पोरं बंदुकांच्या खेळाकडे वळली, तरी ही पाच-सहा जणांची टोळी जुन्यालाच चिकटून होती. कॉलेजात लागलेला नाद नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली तरी सुटला नव्हता. टोळीत यायचं तर तीन शुक्रवार मुकाट्याने हरायचं. पहिला सामना होईतोवर पडद्यावर नुसतं 'नवा' एवढंच नाव आणि नव्याला कोणी काही विचारायचं नाही. चौथ्या शुक्रवारी त्याला खऱ्या सामन्यात जागा. मैमुनाचा आज चौथा शुक्रवार होता. पन्नाशी उलटलेला नवा भिडू टोळीने पहिल्यांदाच पाहिला होता.

दोन वर्षांपूर्वी ती इथे एकदा येऊन गेली होती. तिचा एकुलता एक उमेर बी.कॉम.ला दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी. सर्वांदेखत तिने त्याला कॉलर धरून उठवलं आणि थोबाडीत दिली. तो काही बोलला नाही. महिन्याभरात चाचाने शारजाहून व्हिसा पाठवला, तेव्हाही बोलला नाही. आता पंधरा दिवसांनी फोन येई. "सलाम अम्मी, बरा आहे, तू बरी?" की संपलं. मैमुनाला तरी बोलणं कुठे जमायचं! घरात सुरमईची शेवटची तुकडी उरली की ती त्याच्या ताटात टाकायची, "माझं झालंय, तू खा" म्हणायची आणि भांडी घासायला उठायची. माया करायची म्हणजे काय करायचं, ते तिला एवढंच ठाऊक होतं.

मग एके दिवशी मच्छी मार्केटात वरद भेटला. "उमेरची कावीळ उतरली ना, खाला?" त्याने सहज विचारलं.

मैमुनाला कावीळ झाल्याचाच पत्ता नव्हता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की शुक्रवारी सुट्टी असली म्हणजे पोरगा नमाज आटोपून शारजाहून या टोळीशी खेळतो. खेळता खेळता सगळं लिहितो. साहेबाच्या शिव्या, खोलीतले ढेकूण, भाट्याच्या किनाऱ्याची आठवण. अख्ख्या कॅफेला ठाऊक, आईला तेवढं नाही. तिला राग आला आणि रडूही आलं. तिथेच, कोळणीसमोर उभ्या उभ्या ती म्हणाली, "मला पण बसव तिथं. पण त्याला सांगायचं नाय." कळलं तर तो इथूनही उठून जाईल, याची तिला धास्ती होती.

वरदने शब्द पाळला. तिच्या शेजारच्या मशीनवर बसून तो उमेरचं इंग्रजी अक्षरांतलं मराठी तिला वाचून दाखवी. "हा नवा कोण रे?" उमेरने मागच्या शुक्रवारी विचारलं होतं. "नुसती शेतीच करतो. पावस गावचा बागायतदार पकडून आणलात काय?" मैमुना पदरात तोंड घालून हसली होती. दोन वर्षांत लेकाने तिची केलेली ती पहिली थट्टा होती.

आजचा सामना चिपळूणच्या टोळीशी होता. इकडून वरद, उमेर आणि नवा, तिकडून तिघे. अर्ध्या तासात चिपळूणकरांनी उमेरचं गाव चहूबाजूंनी वेढलं.

"गेला उमेर," वरद म्हणाला. "धान्यच संपलं त्याचं. आता माणूस कुठून काढणार?"

आपलं धान्य दुसऱ्याला पाठवायचं बटण मैमुना पहिल्याच शुक्रवारी शिकली होती. बाकीची बटणं तिने मनावरच घेतली नव्हती.

"खाला, नको! तुमचं गाव बसेल!"

तिने बटण दाबलं. दाबतच राहिली. कोपऱ्यातला तिचा धान्याचा आकडा शून्यावर आला. शत्रू तिच्याकडे वळला, एकेक घर पेटलं, आणि तिकडे उमेरच्या वेशीतून धडाधड माणसं बाहेर पडू लागली. केरू मागून टाळ्या पिटायला लागला.

वरदच्या पडद्यावर ओळ उमटली. त्याने ती वाचली, "नव्या, सगळं मला दिलंस. तुझी माणसं काय खाणार?"

"काय लिहू, खाला?"

मैमुनाचं लक्ष उमेरच्या गावाकडे होतं. तिने विचारही केला नाही. "लिही, माझं झालंय, तू खा."

वरदने तिच्या मशीनवरून जसंच्या तसं लिहून टाकलं.

मग उत्तर येईना. जिंकत आलेली उमेरची माणसं होती तिथेच थांबली. चिपळूणकर त्यांना कापत सुटले, तरी एकही हलेना. "लाइन गेली काय रे?" केरूने विचारलं. मैमुनाच्या तेव्हा ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. गेला, तिला वाटलं. उठून गेला.

तेवढ्यात तिच्या कोपऱ्यातल्या शून्याचे शंभर झाले. मग दोनशे. मग पाचशे.

वरदने पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात वाचलं, "खोटं नको बोलू, अम्मी. आज आधी तू जेव."