आनंदाचा साक्षीदार

शर्वाणीनं आखलेल्या पुलाला पहिलं बक्षीस मिळाल्याचं कळलं. ती हसत खुर्चीवरून उठली, तोच तिच्या मनगटावरची, बायपोलर आजारातले मनाचे टोकाचे चढउतार टिपणारी पट्टी नारिंगी झाली आणि समोरचा संगणक आपोआप बंद झाला.

"आनंद प्रमाणाबाहेर. साक्षीदार हवा," पट्टी म्हणाली.

ऑफिसातले सगळे तिच्याकडे वळले. गेल्या वर्षी अशाच आनंदाच्या भरात तिनं राजीनामा पाठवला होता, ते कोणी विसरलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचा तय्यब उठून आला आणि पट्टीजवळ वाकून म्हणाला, "बक्षीस खरं आहे. मीसुद्धा खूश आहे."

पट्टी हिरवी झाली. शर्वाणी मात्र परत खाली बसली.

"आता काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे. मी रडते तेव्हा ही कोणालाच विचारत नाही. लगेच खरं मानते."